वाटूरचे पाय

लिंबाजीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. एक्याऐंशी-ब्याऐंशीचं साल असेल. मंठा तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यावर मी टाइमकीपर म्हणून हजर व्हायला आलो होतो. गेटवर खाकी कपड्यांतला, ठेंगणा आणि खांद्यांनी रुंद असा एक वॉचमन उभा होता. "कोणाला भेटायचं?" हा प्रश्नसुद्धा त्यानं माझ्या चपलांना विचारला. मी नाव, गाव, नेमणूक सगळं सांगितलं. तो माझे घोटे निरखत राहिला आणि शेवटी म्हणाला, "जा आत. पर डावा पाय संभाळून टाकत जा साहेब. तो तुमचं ऐकून न्हाई राह्यला."

पुढे महिनाभर मी त्या डाव्या पायाची काळजी करत चालत होतो, आणि काळजीनंच तो खरोखर दुखायला लागला.

लिंबाजी आमच्या कारखान्याच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा होता. आमच्या चेअरमन साहेबांना साखरेपेक्षा कबड्डीचं वेड जास्त, त्यामुळे कारखान्यात वॉचमन जरा गरजेपेक्षा जास्त होते. त्यातले सात जण सात ठिकाणी पहारा करताना कधी दिसायचे नाहीत, कारण ते सातही जण एकाच ठिकाणी, मैदानावर असायचे. कबड्डीत कौतुक होतं ते चढाई करणाऱ्याचं. तो मांडीवर थाप मारतो, दम घेऊन पलीकडे जातो, नाचतो, लोक शिट्ट्या मारतात. कोपऱ्यातल्या माणसानं नुसतं वाकायचं, हात खाली सोडायचे, समोरच्याच्या पायांवर नजर ठेवायची आणि पाय टप्प्यात आला की घोटा धरायचा. लिंबाजीनं धरलेला घोटा सुटलेला निदान मी तरी पाहिला नाही. तो ओढायचा नाही, आपटायचा नाही, ओरडायचा नाही. नुसता धरून बसायचा, आणि बाकीचे सहा जण येऊन पुढचं काम उरकायचे.

"वरचं सगळं खोटं असतं साहेब," तो मला सांगायचा. "हात इकडं दाखवतो अन् तिकडं जातो. डोळे तर लैच बदमाश. पाय बिचारा सीधा असतो, त्याला जिथं जायचं तिथंच जातो."

या सवयीमुळे तो मैदानाबाहेरही माणसांशी पायांकडे बघूनच बोलायचा, आणि साहेब लोकांत तो अतिशय नम्र माणूस म्हणून गाजला. एमडी साहेब नव्या पोरांना सांगायचे, "लिंबाजीकडून शिका, मान वर करत नाही." त्या वेळी लिंबाजी साहेबांच्या बुटाची टाच आतल्या बाजूनं का झिजली असेल याचा विचार करत असायचा. दुसरी सवय कोपऱ्याची. कँटीनमध्ये कोपरा, लग्नाच्या पंगतीत कोपरा, एसटीत मागचा डावा कोपरा. मधल्या जागी बसवलं तर त्याला घाम फुटायचा. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मधोमध नवरी आणि नवरीचा चुलता आहे. नवरदेव डाव्या कडेला आहे, तोही अर्धाच आलाय.

एका गोष्टीचं मात्र त्याला दुःख होतं, आणि ते तो लपवत नसे. तो हंगामी होता. उसाचं गाळप सुरू झालं की कामावर यायचं आणि गाळप संपलं की घरी जायचं. कारखान्यात कायम होणं ही आमच्याकडे फार मोठी गोष्ट. कायम झालेल्याला बारा महिने पगार, कॉलनीत क्वार्टर, पोरीला स्थळ चांगलं. दर हंगामाच्या शेवटी चेअरमन साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." आणि लिंबाजी ट्रंक उचलून, म्हाताऱ्या आईला, बायकोला, लेकरांना घेऊन गावाकडच्या दोन खणांत परत जायचा.

त्याची विचित्र गोष्ट मला कळली ती एका चोरामुळे. भर दुपारी एक इसम साखरेचं पोतं पलीकडे टाकून भिंतीवरून उडी मारत होता. लिंबाजीनं धावत जाऊन त्याचा लोंबता घोटा धरला. आम्ही पळत पोचलो तर चोर भिंतीवर आडवा, लिंबाजी खाली, आणि दोघांचं बोलणं चाललेलं.

"गाव कंचं तुझं?"

"परतूर."

"खरं सांग. वाटूरचा न्हाईस ना?"

"न्हाई ओ, परतूरचा हाय. आईची आन."

"मंग बराबर हाय," लिंबाजी म्हणाला आणि निश्चिंतपणे धरून बसला.

चोर वाटूरचा असता तर काय केलं असतं, असं मी नंतर विचारलं. "सोडला असता," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली असती."

वाटूर हे त्याच्या आईचं माहेर. आता आमच्या भागात भाच्याचा मान किती मोठा असतो हे सांगायला नको. मामानं भाच्याच्या पाया पडायचं. भाच्यानं मामाच्या पायाला हात लावायचा नाही, लावला तर पाप. आणि आईच्या गावातला प्रत्येक पुरुष नात्यानं मामाच लागतो, मग तो पाटील असो, मेंढरं राखणारा असो नाहीतर पाळण्यातलं पोर असो. एवढं सगळेच पाळतात. पण सगळ्यांचा धंदा घोटे धरण्याचा नसतो. लिंबाजीचा होता, त्यामुळे एक अख्खं मोठं गाव पायांसकट त्याला बंद झालं होतं.

"अरे, पण खेळात कसलं पाप? आणि लागलं तर लागलं तुला थोडं," मी म्हणालो.

"मला कुठं लागतं साहेब?" तो माझ्या चपलांकडे बघत म्हणाला. "मला लागलं असतं तर चाललं असतं. ते मामाला लागतं ना."

ही बातमी जिल्हाभर पसरायला वेळ लागला नाही. भोकरदनच्या स्पर्धेत पहिल्यांदा तिचा वापर झाला. समोरच्या संघानं वाटूरचा एक गृहस्थ आणून उभा केला. त्याची पिठाची गिरणी होती, पोट सदऱ्यात मावत नव्हतं आणि भुवयांवर अजून पीठ होतं. आयुष्यात त्यानं चढाई केली नव्हती. तो कबड्डी-कबड्डी करत थेट लिंबाजीपुढे येऊन उभा राहिला. लिंबाजी त्याचा पाय धरेना. पण गंमत अशी की भाच्याला पाय लागला तर तेही मामालाच पाप, त्यामुळे गिरणीवाल्यालाही पाय पुढे टाकता येईना. दोघं एकमेकांसमोर नुसते डुलत राहिले. शेवटी गिरणीवाल्याचा दम तुटला आणि पंचानं शिट्टी मारली. जाता जाता त्यानं हळूच विचारलं, "अक्का बरी हाय ना?" लिंबाजी म्हणाला, "बरी हाय मामा. तुम्हाला याद करती."

तरीही संघांनी नाद सोडला नाही. निदान लिंबाजीचा कोपरा तरी बंद पडतो, हा त्यांचा विचार. मग अंबडपासून जाफराबादपर्यंत वाटूरच्या पोरांना मागणी आली. ज्यांना गावात कोणी खेळायला घेत नव्हतं त्यांना न्यायला जीपगाड्या यायला लागल्या. अशाच एका पोरानं घाईत मागं लाथ झाडली आणि ती लिंबाजीच्या छातीत बसली. नियमानं लिंबाजी बाद. पण त्या पोराला आपण काय केलं हे कळलं, आणि परत पळायचं सोडून तो वळून लिंबाजीच्या पायावर डोकं ठेवायला वाकला. वाकताना त्याचा दम तुटला आणि आमचे बाकीचे गडी त्याच्या पाठीवर जाऊन बसले. त्या खाली दबलेल्या पोराला लिंबाजी आशीर्वाद देत होता. निकाल काय द्यायचा यावर पंचांनी अर्धा तास घातला.

चेअरमन साहेबांनी एकदा त्याला ऑफिसात बोलावलं. मी हजेरीच्या सह्या घ्यायला तिथंच उभा होतो.

"लिंबाजी, मैदानात कसला आलाय मामा? मैदानात फक्त खेळाडू असतो."

"बराबर हाय साहेब. पर खेळ झाल्यावर तो मामा घरी जातो ना."

"मग कंबर धर! घोटाच कशाला पाहिजे?"

या आज्ञेवरून कंबर-पकड शिकवायला बाहेरून एक कोच आणला. कोच बिचारा आठवडाभर घसा फोडत होता. लिंबाजीनं वाकण्यात जन्म काढलेला. सरळ उभं राहून माणसाला धरायचं म्हटलं की त्याला संकोच व्हायचा. तो चढाईवाल्याला व्याही भेटतात तशी मिठी मारायचा आणि वर पाठीवर दोनदा थोपटायचा. चढाईवाला आरामात निघून जायचा. कोचनं जाताना चेअरमन साहेबांना सांगितलं, "हा माणूस आहे तसाच राहू द्या."

नव्वदच्या आसपास आजूबाजूच्या कारखान्यांची स्पर्धा आमच्या मैदानावर झाली. चेअरमन साहेबांनी उघडपणे सांगून टाकलं की कप आला तर सातही जणांना त्याच हंगामात कायम करतो. आम्ही अंतिम सामन्यात गेलो. समोरच्या कारखान्याच्या संघात चढाईला कोण आहे हे कळलं तेव्हा लिंबाजीनं डबा तसाच झाकून ठेवला. तो सुदाम होता.

गिरणीवाला, जीपमधून येणारी पोरं हे सगळे मानाचे मामा. सुदाम सख्खा. लिंबाजीच्या आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, आणि वयानं लिंबाजीपेक्षा दोन महिन्यांनी लहान. आजीला दूध कमी पडलं म्हणून लिंबाजीच्या आईनं बाळंतपणात एका बाजूला मुलगा आणि एका बाजूला भाऊ असे दोघांना पाजलं होतं. दोघं वाटूरला एकत्रच खेळायला शिकले. लिंबाजी त्याला कधी धरायचा नाही. सुदाम एवढा मोठा चढाईपटू झाला त्याचं अर्धं कारण हेच होतं, लहानपणी त्याला कोणी पकडलंच नव्हतं. आणि तोही त्या दुसऱ्या कारखान्यात हंगामी होता. त्यालाही कायम करण्याचा शब्द मिळालेला होता.

सामन्याच्या सकाळी लिंबाजी गेटवर मला म्हणाला, "मायला इचारलं साहेब."

"काय म्हणाली?"

"म्हणली, नोकरी तुझी हाय, माहेर माझं हाय. मी काय सांगू? अन् चूल फुंकत बसली."

त्या दिवशी मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. मी हद्दीच्या दोरीला लागून, लिंबाजीच्या कोपऱ्याच्या बाजूलाच बसलो होतो. सुदाम येऊन आमचे गडी एकेक करून टिपत होता आणि लिंबाजी दर वेळी दगडासारखा वाकून उभा. लोक त्याला नको नको ते बोलत होते. तरीही बाकीच्यांनी झुंजून गुण बरोबरीत आणले. शेवटची चढाई सुदामची. आमच्या बाजूला लिंबाजी आणि दुसऱ्या कोपऱ्यातला एक गडी, एवढेच उरले होते. सुदामनं आल्या आल्या त्या गड्याला हात लावला. आता त्यानं नुसतं मध्यरेषेवर परत जायचं, की कप त्यांचा आणि तो कायम.

इथं मी जे पाहिलं तेच सांगतो, कारण यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. सुदामला रेषेकडे जायला समोरून सरळ वाट मोकळी होती. तो वळला. लिंबाजीच्या कोपऱ्यावरून गेला, आणि तिथं त्याचा उजवा पाय क्षणभर जास्त थांबला. घसरला म्हणा, दमला म्हणा, काहीही म्हणा. पाय लिंबाजीच्या हातापासून वितीवर होता. लिंबाजीनं पहिल्यांदा मान वर केली आणि सुदामच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यानं घोटा धरला.

सुदाम पालथा पडून रेषेकडे हात लांबवत राहिला आणि त्याचा दम तुटला. कप आमचा झाला. लोक मैदानात घुसले, गुलाल उधळला, चेअरमन साहेब फेटा सावरत नाचले. लिंबाजी तसाच घोटा धरून बसलेला. पंचांनी येऊन त्याची बोटं सोडवली. त्यानं दोन्ही हातांनी आपल्या गालांवर मारून घेतलं आणि गुलाल न लावता कपडे घेऊन निघून गेला. सुदाम लंगडत आपल्या संघाच्या ट्रककडे गेला.

लिंबाजी कायम झाला. क्वार्टर मिळालं, आई, बायको, लेकरं कॉलनीत राहायला आली. आणि ज्या पकडीसाठी चेअरमन साहेबांनी त्याला कायम केलं ती पकड त्यानं त्या दिवसापासून बंद केली. पुन्हा मैदानात उतरला नाही. साहेब संतापले, समजावून थकले. तो म्हणायचा, "आता मी वॉचमन हाय ना साहेब, कायमचा." आणि खरोखर पहारा करायचा. तेवढं कडक गेट आमच्या कारखान्याला आधी कधी मिळालं नव्हतं. त्यामुळे साहेबांच्या मेव्हण्याचीसुद्धा गाडी अडकायला लागली.

सुदामला त्या दुसऱ्या कारखान्यानं पुढच्या हंगामात बोलावलं नाही. ही बातमी लिंबाजीला लागली आणि त्यानं वाटूर टाकलं. आता मंठ्याहून जालन्याला जायचं तर वाटूर टाकता येत नाही, सगळे रस्ते तिथं मिळतात. लिंबाजी आधी सेलूला जायचा आणि तिथून रेल्वेनं जालन्याला. लोक दुपारी काम आटपून परत यायचे तेव्हा हा जालन्यात पोचायचा. एकदा नाइलाजानं माझ्याबरोबर एसटीनं आला, तर वाटूरचा स्टँड येताच डोक्यावरून टॉवेल घेऊन सीटखाली काहीतरी पडल्यासारखं शोधत बसला. गाडी तिथं वीस मिनिटं थांबली. कंडक्टरही त्याच्याबरोबर शोधायला लागला.

"एक तर पाप लावलं, वर पोटावर पाय दिला," तो मला म्हणाला. "कंच्या तोंडानं जाऊ?"

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नव्हतं. लग्नं, वास्तू, बारसं, वाटूरचं एकेक आमंत्रण यायचं आणि परत जायचं. लेकानं नेल्याशिवाय म्हातारी एकटी जायची नाही. क्वार्टरच्या ओट्यावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारायची, "वाटूरचा हायेस का रे बाबा?" मला तिच्याकडे बघवत नसे. अशी बरीच वर्षं गेली.

शेवटचं जे मी पाहिलं ते माझ्या निवृत्तीच्या हंगामातलं, दोन हजार सालाच्या पुढचं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटपासून पार रस्त्यापर्यंत लागली होती. मी गेटजवळच उभा होतो. एका ट्रॉलीवरून, उसाच्या मोळ्यांवरून, दोन पाय खाली उतरायला लागले. लिंबाजी शिट्टी वाजवत होता. त्यानं ते पाय बघितले, माणूस अजून दिसायचा होता, आणि शिट्टी तोंडातच धरून तो केबिनमध्ये शिरला.

सुदाम होता. केस पांढरे, खांदे अजून तसेच. विहिरीवर ऊस लावला होता म्हणे, पहिल्यांदाच. तो केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बाहेर ये भाच्या."

"मामा, तुमचा नंबर लागायचाय अजून. लाइनीत जा," आतून आवाज आला.

"नंबराचं नंतर बघू. बाहेर ये."

लिंबाजी बाहेर आला, जमिनीकडे बघत. सुदाम वाकला. मामा भाच्याच्या पाया पडतोय असंच सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना वाटलं. लिंबाजी मागं सरायला गेला आणि तिथंच अडकला. सुदामनं त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला होता.

"मामा, सोडा."

"न्हाई सोडत. सूट आता."

"लोक बघून राह्यले मामा."

"बघू दे. त्या दिवशी काय कमी लोक होते?"

लिंबाजीनं पाय ओढला, पिळला, एका पायावर नाचला. युनिफॉर्म, टोपी, गळ्यात शिट्टी, आणि घोटा सुदामच्या हातात. रांगेतले लोक हसायला लागले. मागच्यांना काही दिसत नव्हतं, ते हॉर्न वाजवत होते.

"काय पाहिजे तुम्हाला?" लिंबाजी रडकुंडीला येऊन म्हणाला.

"माझी अक्का पाहिजे," सुदाम खालूनच म्हणाला. "मी काय म्हणलो होतो का तुला काही? पाय माझा, पाप माझं. तू कामून मधी पडलास? मी म्हणलो, येईल आज, येईल उद्या. तू तिचं माहेर तोडून बसलास. घरी येतो म्हण, मंग सोडतो."

"येतो."

"कधी?"

"दिवाळीत येतो मामा."

सुदामनं पकड आणखी आवळली.

"आज! आज येतो!" लिंबाजी ओरडला आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. सुदामनं घोटा सोडला आणि तिथंच मातीत बसून तोही डोळे पुसायला लागला. गेट बंद होतं, किल्ली लिंबाजीच्या खिशात होती, आणि दोघं उठेपर्यंत कारखान्यात एक मोळी आत गेली नाही.

संध्याकाळी सुदामची रिकामी ट्रॉली कॉलनीसमोर येऊन थांबली. लिंबाजीनं आणि सुदामनं दोन्ही बाजूंनी धरून म्हातारीला वर चढवलं. खाली गोधडी अंथरली होती. नवं लुगडं नेसून, हातात कसलंसं गाठोडं घट्ट धरून ती बसली. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि दोघांनाही ती मोठ्यानं शिव्या देत होती. ट्रॅक्टर वाटूरच्या रस्त्याला लागला तेव्हा ती गप्प झाली आणि पुढे बघू लागली.